चातुर्मासात सोडलेलं भांडण

माझा नवरा पाहुण्यांना माझी ओळख करून देताना सांगतो, "हिला बेसबॉलच्या मैदानातून सतरा वेळा हाकललंय." सतरा नाही, चौदा. पण पाहुण्यांसमोर आकड्यावरून भांडायला लागले की तो म्हणतो, "बघा, मी काय सांगत होतो!"

मी मूळची अमरावतीची. शाळेपासून सॉफ्टबॉल खेळत आले, पुढे विद्यापीठाच्या टीममध्येही होते. आमच्याकडे मुलींनी सॉफ्टबॉल खेळण्यात काही नवल नाही, पुण्या-मुंबईच्या लोकांनाच ते समजावून सांगावं लागतं. लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी लंडनमधल्या ईलिंगला आले. मुलगी वर्षाची होती, तेव्हा एका रविवारी तिची प्रॅम ढकलत पार्कात गेले तर तिथे माणसं चक्क बेसबॉल खेळत होती. सॉफ्टबॉलचाच थोरला भाऊ! मी कडेला उभी राहून त्यांच्या चुका सांगायला लागले. उन्हाळा संपायच्या आत त्यांनी मला टीममध्ये घेतलं, कदाचित गप्प करायला. पुढे मॅनेजर व्हायला कुणीच तयार होईना, म्हणून ते गाठोडंही माझ्याच डोक्यावर आलं.

बेसबॉलच्या मॅनेजरला खेळाडूंसारखाच ड्रेस घालावा लागतो. म्हणजे पन्नाशी उलटलेली मी, पट्ट्यापट्ट्यांची पांढरी पँट, डोक्यावर टोपी आणि मंगळसूत्र शर्टाच्या आत. कोण कुठे उभं राहणार, कोण कधी बॅटिंग करणार हे ठरवायचं आणि अंपायर चुकला तर जाऊन त्याच्याशी बोलायचं, हे मॅनेजरचं काम. यातलं शेवटचं मी फार मनापासून केलं.

काय काय केलं ते सांगायला आता थोडी लाज वाटते. थोडीच. बर्मिंगहॅमला एका चुकीच्या निर्णयावर मी पहिल्या बेसवर मांडी घालून बसले आणि उठेना. धरणं म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. हाकललेल्या मॅनेजरनं नजरेआड जायचं असतं. पण पार्कात नजरेआड जाणार कुठे? मी आइस्क्रीमच्या व्हॅनमागे उभी राहून नवऱ्याला फोनवर सूचना द्यायचे. तो आमचा स्कोअर लिहितो, अत्यंत सज्जन माणूस. एकदा माझ्यामुळे त्यालाही हाकललं. टीमनं एकदा मतदान करून मला काढलं, मी रागानं दुसऱ्या टीममध्ये गेले, तिथून स्वतःच निघाले. मग पहिल्या टीमनं परत बोलावलं, कारण मैदानासाठी कौन्सिलच्या मागे लागायला दुसरं कुणी नव्हतं.

यंदा मात्र गळ्याशी आलं. जूनपर्यंत मला तीनदा हाकललं होतं. लीगचं पत्र आलं. चौथी वेळ आली तर पुढचा अख्खा सीझन मॅचच्या दिवशी मैदानात पाऊल टाकायचं नाही. आमचा कॅप्टन बस ड्रायव्हर आहे, माझ्याच वयाचा, पहिल्या बेसवर उभा राहतो. तो स्पष्टच म्हणाला, "वर्षभर मॅनेजरची जागा रिकामी ठेवता येणार नाही. दुसरं कुणीतरी बघावं लागेल." आणि नेमकी यंदाच आमची टीम वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्याच्या बेतात होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हे सगळं मी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आषाढी एकादशी दोन दिवसांवर होती. त्या म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात लोक कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात. तू चार महिने भांडण सोड. नेमच कर."

"आई, कार्तिकीला नेम सोडताना जे सोडलं ते दान द्यायचं असतं ना? भांडण कुणाला दान देऊ?"

"माझ्या लेकाला दे. त्याला सवय आहे."

मी नेम केला. देवासमोर हात जोडून, अगदी रीतसर. अंपायर चुकला की बडीशेपेची चिमूट तोंडात टाकायची आणि ती चावून संपेपर्यंत बोलायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी किती बडीशेप खाल्ली त्याला सुमार नाही. वेम्बलीच्या दुकानदारानं विचारलं, घरी लग्नकार्य आहे का म्हणून. आमचा नेहमीचा अंपायर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक, उंच, ताठ आणि माझ्याइतकाच हट्टी. त्यानं नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडमची तब्येत बरी आहे ना?"

आणि गंमत म्हणजे आम्ही जिंकत गेलो. कॅप्टन म्हणाला, "तू गप्प असलीस की मला स्वतःचे विचार ऐकू येतात." चांगलंच झोंबलं मला ते. बडीशेप खाल्ली.

सप्टेंबरात शेवटची मॅच. ती जिंकली की वरची डिव्हिजन. शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढे होतो. समोरच्यांचे दोन आउट झालेले. अजून एक आउट झाला की संपलं. पण त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, होम बेसकडे पळून रन काढायला टपून उभा. बॅट्समननं फटका मारला आणि पहिल्या बेसकडे धावत सुटला. दुसऱ्या बेसजवळ माझी मुलगी होती. प्रॅममधली तीच, आता वीस वर्षांची. तिनं चेंडू झकास उचलला आणि पहिल्या बेसवरच्या कॅप्टनकडे फेकला. चेंडू आधी पोचला तर आउट, पळणाऱ्याचा पाय आधी पडला तर सेफ, आणि मग तिसऱ्या बेसवरच्याचा रन धरून बरोबरी. मी पहिल्या बेसच्या अगदी रेषेत उभी होते. पाय आधी पडला. स्वच्छ दिसलं.

अंपायर एकटाच, तोही लांब बॅट्समनच्या मागे. त्यानं मूठ वर केली. "आउट!"

सगळे नाचायला लागले. मुलगी धावत येऊन गळ्यात पडली. "आई, वी वन! तू रडली तरी चालेल, इट्स ओके!"

"तो सेफ होता गं."

"व्हॉट?"

"त्याचा पाय आधी पडला."

ती एकदम लांब झाली. "आई, नो. प्लीज. तुझा नेम आहे!"

बडीशेपेची डबी माझ्या हातात होती. खोटं कशाला सांगू, मी ती उघडलीसुद्धा. मूग गिळून गप्प बसले असते तर सगळंच मिळत होतं. वरची डिव्हिजन, माझी जागा, सासूबाईंची शाबासकी. पण वीस वर्षं मी गळा फाडून सांगत आले होते की मी जिंकण्यासाठी भांडत नाही, खरं तेच म्हणा म्हणून भांडते. आज गप्प बसले असते तर ‘ही फक्त जिंकायलाच भांडते’ असं माझ्या पाठीमागे म्हणणारेच बरोबर ठरले असते. मी निघाले.

मला येताना बघून अंपायरनं हाताची घडी घातली. "मॅडम, तुम्ही जिंकलात."

"तो सेफ होता."

आधी त्याला कळेचना. मग तो चक्क हसला. "हरल्यावर भांडायचात, आता जिंकल्यावरही?"

देवाशप्पथ, तोवर माझा आवाज मऊ होता. पण त्याच्या त्या हसण्यानं तळपायाची आग मस्तकात गेली. मी पहिल्या बेसपाशी गेले आणि बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढली. "हा पाय इथे पडला! चेंडू तेव्हा तिथे होता, हवेत! आयुष्यभर पोरांना गणित काय आंधळेपणानंच शिकवलंत?"

मातीत रेघ ओढून दाखवणं म्हणजे अंपायरला सगळ्यांसमोर खोटं पाडणं. त्याला माफी नसते, आणि ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याचा हात वर गेला आणि बोट पार्किंगकडे वळलं. चौथी वेळ. चौदावी, एकूण.

पण मग तो रेघेपाशी वाकला. मान वर करून कॅप्टनला विचारलं, "तो सेफ होता?"

कॅप्टननं माझ्याकडे असं बघितलं की मला कच्चं खाईल. मग म्हणाला, "हो."

अंपायरनं निर्णय फिरवला, बरोबरी झाली. समोरच्यांचा पुढचा फटका थेट झाडीत गेला आणि आम्ही हरलो. मी ते बघितलं नाही, आमच्या गाडीमागे उभी राहून ऐकलं.

नवरा स्कोअरची वही घेऊन आला, थर्मासातला चहा ओतून दिला. "आईला काय सांगू?"

"कार्तिकीपर्यंत टिकलं नाही म्हणून सांगा," म्हटलं, आणि रडायलाच लागले. हरल्याचं दुःख नव्हतं. रविवारी सकाळी उठून ती पांढरी पँट चढवायची नाही, याचं होतं. मुलगी गाडीला टेकून उभी होती. तिनं माझा हात धरून ठेवला.

तेवढ्यात कॅप्टन आला, खांद्यावर बॅटची पिशवी, चेहरा लालबुंद. मी टोपी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली नाही.

"नाताळपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नव्हतो," तो म्हणाला. "पण लीगचं पत्र पुन्हा वाचलं. बंदी मॅचच्या दिवशी आहे, प्रॅक्टिसला नाही. बुधवारी सहा वाजता. रविवारी तुझ्या जागी मी उभा राहीन, फक्त उभा. मॅनेजर तूच."

पदरानं पुसावं तसं मी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. काहीतरी गोड बोलावं असं फार मनात होतं. पण जित्याची खोड!

"सहा म्हणजे सहा," म्हटलं. "आणि चेंडू यायची वाट बघत बेसवर खांबासारखा काय उभा राहतोस रे? पुढे वाकून हात लांब केला असतास तर तो खरोखरच आउट होता! एवढ्या वर्षांत काही शिकलास की नाही?"

मुलगी तोंडावर हात दाबून हसायला लागली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. कॅप्टननं पिशवी खाली ठेवली, टोपी काढली आणि माझं बोलणं संपेपर्यंत सगळं ऐकत उभा राहिला.