सव्वासातची गोळी

तळमजल्यावरच्या शेजारणीचा मुलगा रोज सकाळी सव्वासातला माझ्याकडे गोळी घ्यायला यायचा. ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. दोन वर्षं तो गर्द ओढत होता. व्यसनमुक्ती केंद्रातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की गोळी कोणाच्या तरी देखत घ्यायची आणि नंतर तोंड उघडून दाखवायचं. महिनाभर त्याने ती आईच्या देखत घेतली. ती समोर बसायची, पण ‘जीभ वर कर’ म्हणणं तिला जड जायचं. गादीखाली अर्धवट विरघळलेल्या नऊ गोळ्या सापडल्या, तेव्हा ती स्ट्रिप घेऊन माझ्याकडे आली. मला जड जात नव्हतं.

अकरा महिने एकही दिवस चुकला नाही. तो कामावर जायला लागला आणि आईने स्थळं बघायला घेतली. टिटवाळ्याची मुलगी पसंत पडली. मी विचारलं, त्यांना सांगितलंस का? तर म्हणे, लग्न झालं की जबाबदारी येते, मुलं आपोआप सुधारतात. तो सुधारलाय, मग सांगायला काय हरकत आहे, असं मी म्हटलं. ती उठली.

“कोणी चौकशीला आलं तर मुलगा चांगला आहे एवढंच म्हण,” दारातून म्हणाली. “खोटं थोडंच आहे ते?”

मुलीचे वडील रविवारी न कळवता आले. चौकशीला असंच येतात. मुलाचं घर टाळून वरच्या मजल्याची बेल वाजवतात. मुलाचा स्वभाव, मित्र, घरातली भांडणं, सगळं विचारून झालं. मग त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“ताई, दारूबिरू? मुलीचा बाप आहे, म्हणून विचारतो.”

दारू तो पीत नव्हता. तेवढं सांगून मी मोकळी झाले असते. स्ट्रिप त्यांच्या डोक्यामागे, फ्रिजवर होती.

चहा टाकते म्हणून मी आत गेले आणि त्याला फोन केला. मुलीचे वडील बसलेत, चहा होईपर्यंत वर ये, तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार. एवढं बोलून फोन ठेवला. गॅस बारीक केला. चहा तरीही दोनदा उकळून वर आला. तो आलाच नाही तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मी ठरवत होते.

तो आला. बसला नाही.

“काका, मी गर्द ओढायचो. दोन वर्षं. अकरा महिने झाले, बंद आहे.”

“परत ओढणार नाहीस कशावरून?”

“ते नाही सांगता येणार. आजची गोळी घेतलीय.”

कसली गोळी, त्यांनी विचारलं. मी स्ट्रिप हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून वाचली, परत केली आणि चहा न घेता गेले. संध्याकाळी त्यांचा नकार आला.

सोमवारी सव्वासात वाजले. साडेसात वाजले. असा एखादा फटका बसला की पोरं पुन्हा तिकडेच वळतात, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. त्याचा फोन लागत नव्हता. मी चप्पल घातली, तेवढ्यात बेल वाजली. दारात त्याची आई, हात पुढे केलेला.

“स्ट्रिप दे. माझ्या मुलाचं मी बघेन. तुला करायचं ते तू केलंस.”

स्ट्रिप तिचीच होती. मी आणून दिली. जीभ वर करायला सांग, एवढं म्हटलं. तिने ती मुठीत धरली आणि वळली.

तो जिन्याच्या वळणावर उभा होता, कामाचे कपडे घालून. वर आला, आईच्या मुठीतून स्ट्रिप सोडवून घेतली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. गोळी गिळली. तोंड उघडलं.

“जीभ वर,” मी म्हटलं.

त्याने केली. आई जिन्याकडे बघत होती.

“आई, तूपण बघ,” म्हणत तो तिच्याकडे वळला आणि पुन्हा तोंड उघडून उभा राहिला.