शेंदूर फासलेलं दगडफूल

दगडफूल म्हटलं की आमच्या वांकिडीकडं लोकांना मसाल्याचा डबाच आठवतो. माझं दगडफूल मसाल्यातलं नव्हतं. टेकडीवरच्या एका धोंड्याला पापुद्र्यासारखं चिकटलेलं, राखाडी, कडेला पिवळसर, तळहाताएवढं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, पण असलं कधी पाहिलं नव्हतं. सगळी टेकडी पालथी घातली, दुसरं कुठं सापडलं नाही.

छिन्नीनं एक लहान कपची काढून दूरच्या शहरातल्या अभ्यासक बाईंना पाठवली. त्यांचा फोन आला, "नवी जात दिसते. पण हिच्यावरची फळं कच्ची आहेत. पिकलेली पाहिल्याशिवाय मला वर्णन लिहिता येणार नाही." फळं म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या काळ्या वाट्या. पावसाळा सरेपर्यंत थांबायचं ठरलं. धोंडा चुकू नये म्हणून मी त्यावर लाल ऑइलपेंटनं गोल काढला. दर रविवारी जाऊन पाहायचो. वाट्या भरत होत्या. जातीला आमच्या गावाचं नाव द्यायचं, हेही मी मनाशी पक्कं केलं होतं.

मधे पेपर तपासायला आले, दोन-तीन रविवार चुकले. मग गेलो, तर काय! अख्खा धोंडा शेंदरानं लिंपलेला. तेल ओघळतंय, पुढं फोडलेला नारळ, वर झेंडा.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "कोणी केलं हे? अक्कल गहाण ठेवली काय सगळ्यांनी? धोंडा दिसला की फासला शेंदूर!" खालच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया आवाज ऐकून वर आल्या.

त्यातली एक म्हातारी म्हणाली, "काऊन चिडून राह्यले सर?"

"काऊन? इथं देव कुठून आणला तुमी?"

"आमी कुठं आणला? पयले लाल तर तुमीच लावलं. दर आइतवारी येऊन जोडे काढत होते, गुडघे टेकत होते, दगडाले नाक लावत होते. येवढे शिकलेले सर टेकून राह्यले, मंग आमी काय उभंच राहाव?"

बूट मी काढायचो ते दगडफूल चिरडू नये म्हणून. आणि भिंगातून पाहायचं तर नाक दगडाला लागणारच! पण पहिलं लाल तर माझंच होतं, म्हणून आणखीच भडकलो. खिशातला चाकू काढला आणि शेंदूर खरवडायला लागलो. बाया ओरडल्या, "सर, नका!" म्हातारीनं माझं मनगट धरलं. मी झटकून टाकलं. आजही त्याची लाज वाटते. शेंदराबरोबर काळी भुकटी निघत होती, तरी हात थांबला नाही. धोंडा उघडा पडला तेव्हा त्यावर काहीच उरलं नव्हतं.

ती भुकटी कागदात बांधून बाईंना पाठवली. पोरांना दरवर्षी मीच शिकवतो, असलं दगडफूल खरवडायचं नाही, दगडासकट काढायचं.

आठवड्यानं बाईंचा फोन आला. आवाज चढलेला होता. "अहो, तेल-शेंदूर मी धुऊन काढला असता. आत वाट्या पिकलेल्या होत्या, तुकड्यांवरून दिसतंय. पण अख्खी एकही नाही. कोणत्या गाढवानं खरवडलं हे?"

"मीच," म्हणालो, आणि फोन ठेवला.