वारा समोरून असेल तर

अक्का कळंबोलीच्या नाक्यावर एसटीतून उतरली, तेव्हा लोखंडाच्या सळ्या लादलेल्या ट्रकांच्या रांगेपुढे ती एवढीशी दिसत होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माण तालुक्यातल्या आमच्या गावी तिने चौतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला आणि आदल्या मे महिन्यात ती निवृत्त झाली. नेरूळच्या आमच्या फ्लॅटवर महिनाभर राहायला ये, असं मी प्रत्येक पत्रात लिहीत होतो. आली ती चार दिवसांसाठी, आणि तेही आमच्यासाठी नव्हे. रिक्षात बसल्या बसल्या तिने विचारलं, "तुमच्या खाडीत शिडाची होडी मिळंल का रे?"

या चौकशीमागे एक जुनं प्रकरण आहे आणि त्यात आरोपी मी आहे. चौथीला मी तिच्याच वर्गात होतो. दर शनिवारी शेवटच्या तासाला अक्का वर्गाला एक पुस्तक वाचून दाखवायची. तीन भावंडं, एक लहान होडी आणि दूरवर एक बेट, अशी ती गोष्ट. मोठी माणसं पहिल्या चार पानांतच किनाऱ्यावर मागे राहतात. पुढचं सगळं, म्हणजे दोर बांधण्यापासून भात करपवण्यापर्यंत, मुलंच करतात. आमच्या गावात पाणी बघायचं म्हणजे विहिरीत वाकून बघायचं. तरी त्या तासाला वर्गात पाटीचा आवाज यायचा नाही. सुट्टीत कडब्याच्या गंजीवर चढून, वडिलांच्या धोतराचं शीड करून आम्ही किती बेटं गाठली असतील, त्याला गणतीच नाही.

गोष्टीत एका ठिकाणी वारा बेटाच्या बाजूनेच सुटतो आणि मुलं नागमोडी जात जात होडी बेटाला लावतात. अक्का हे वाचत असताना मी उभा राहिलो. "बाई," मी म्हणालो, कारण शाळेत तिला बाईच म्हणावं लागे, "वारा समोरून असेल तर होडी मागं जाईल. पुढं कशी जाईल?" अक्का म्हणाली, पुस्तकात आहे. मी म्हणालो, लिहिणारा पण गंजीवरच बसला असंल. वर्ग खो खो हसला आणि उरलेला तास मी व्हरांड्यात उभा राहून काढला. खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं. वर्गाला हसवायचं होतं, ते काम झालं होतं.

मी ते विसरलो. अक्का विसरली नाही. घरी चहा घेताना ती म्हणाली, "दरवर्षी ते पान आलं की माझा आवाज बारीक व्हायचा. इतक्या पोरांना वाचून दाखवलं. खरं सांगितलं का खोटं, एवढं मला बघायचंय. मग मी मोकळी."

माझ्या ऑफिसातले एक सहकारी शिरवण्याचे. त्यांचे मामा, हिरादादा, बेलापूरच्या पुढच्या कोळीवाड्यात तांडेल (होडीचा प्रमुख) होते. निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी उलट निरोप आला, की इंजिन असताना शीड कोण लावतंय, पण बाईंची हौस आहे तर या.

आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा साठीचे हिरादादा माळ्यावरून काढलेलं शीड अंगणात पसरून बसले होते. उंदरांनी त्याला दोन ठिकाणी चांगलंच कुरतडलं होतं आणि दादांची बायको खताच्या गोणीचा तुकडा दाभणाने त्यावर शिवत होती. अक्काने चपला काढल्या, दुसरं दाभण मागून घेतलं आणि दुसऱ्या भोकापाशी बसली. दोघींनी एकमेकींचा टाका न्याहाळला.

ओहोटीबरोबर आम्ही निघालो. चिखलातून होडीपर्यंत जाताना माझा एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि चप्पल तिथेच राहिली. वारा जमिनीवरचा, पाठीमागून येणारा. शीड फुगलं आणि इंजिनाचा आवाज नसलेली ती होडी तिवरांच्या कडेकडेने सरकू लागली. मागे आमच्या सोसायट्यांच्या इमारती लहान होत गेल्या. पाण्यावरून पाहिलं की त्या मुलाने मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांसारख्या दिसतात. त्यातल्याच एकीत माझे हप्ते आणि माझा टीव्ही आहे, हे खरं वाटेना. अक्का नाळेजवळ (होडीच्या टोकाशी) ताठ बसली होती. खिशातलं लिंबू हुंगायची वेळ आली ती माझ्यावर. तिला काही झालं नाही.

ती वळून म्हणाली, "दादा, वारा समोरनं आला तर तुम्ही काय करता?"

"थांबतो," दादा म्हणाले.

"म्हंजे?"

"नांगर टाकतो, बिडी ओढतो. भरती आली का पानी नेतंय घरी. वाऱ्याशी भांडून कोनाचा फायदा हाय?"

अक्का पुन्हा पुढे तोंड करून बसली. मला दादांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. थोड्या वेळाने तिने पदर नीट केला आणि पुस्तकातलं सगळं त्यांना सांगितलं: होडी नागमोडी जाते, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला.

"जाते ना," दादा म्हणाले. "माझा बाप करायचा. पन परबाण, ही शिडाची आडवी काठी, दर वक्ताला डोलकाठीच्या या बाजूनं त्या बाजूला न्यायला लागतंय. दोन मानसं पायजेत. इंजिन आल्यापासून नाय केलं कोनी."

"आज करू."

दादांनी आभाळाकडे पाहिलं. दुपारी वारा फिरेल, समुद्राकडून येईल, ते म्हणाले. पण ओहोटी असेपर्यंत पाणीच होडीला बाहेर ओढून नेईल, हिशेब खोटा होईल. ओहोटी संपून भरती लागण्याआधी थोडा वेळ पाणी उभं राहतं. तेव्हा करून दाखवतो. अक्काला हे फार पटलं. परीक्षा घ्यायची तर कॉपी नको, असं ती म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून आम्ही जेवलो. दादांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दादांनी बाजरीची भाकरी बोटाने ठोकून पाहिली आणि हिची होडी होईल म्हणाले. वेळ जायला म्हणून त्यांनी अक्काला गोष्ट विचारली. ती सांगू लागली. किनाऱ्यावर राहिलेल्या आईवडलांचं ऐकून दादांनी मान हलवली.

"सोडलं कसं पोरांना? माझ्या पोरांना मी धक्क्याच्या पुढं एकटं सोडलं नाय. आता एक द्रोणागिरीला गोदामात हाय, एक कॉलेजात. दोगांना होडी नको."

"गोष्टीतल्या पोरांना कोणी नको म्हणतच नाही," अक्का म्हणाली. "म्हणून तर आमची पोरं ऐकायची."

पुढे ती सांगत राहिली. रात्र झाली, दोर तुटला, धाकटीला ताप आला. आयुष्य पाण्यावर काढलेला तो माणूस हातातला घास तसाच धरून ऐकत होता. मध्येच अक्का पाणी प्यायला थांबली, तर त्याने विचारलं, "मंग? पोचली का पोरं?"

मला वाटतं, या गोष्टी टिकतात त्या इथे. होडी माहीत नसलेल्याला त्या होडी देतात आणि होडी माहीत असलेल्याला त्याचं हरवलेलं लहानपण. पण त्या वेळी मला एवढं सुचलं नव्हतं. मी लिंबू हुंगत होतो.

एकच्या सुमाराला वारा पडला आणि मग पश्चिमेकडून सुटला, थेट तोंडावर. दादांनी पाण्यात काडी टाकली. काडी जागची हलली नाही. समोर, वाऱ्याच्या दिशेला, जाळी बांधायचे खुंट पाण्यातून वर आले होते. तिथवर जायचं ठरलं.

"दुसरा मानूस तुमी," दादा मला म्हणाले.

पहिल्या खेपेला आम्ही द्रोणागिरीच्या डोंगरावर रोख धरून तिरके गेलो. मग परबाण फिरवताना मी नको तो दोर सोडला. काठी माझ्या खांद्यावर बसली, टोपी पाण्यात गेली, शीड फडफडत राहिलं आणि सगळं सावरेपर्यंत आम्ही निघालो होतो त्याच्याही मागे आलो. अक्का खुंटांकडे बघत होती. तिचा चेहरा मला बघवेना.

"परत," मीच म्हणालो.

या खेपेला दादांनी एकेक दोर माझ्या हातात मोजून दिला आणि मी मुकाट्याने सांगितलं तेवढंच केलं. एकदा डोंगरावर, एकदा पलीकडच्या धुरांड्यांवर, पुन्हा डोंगरावर. शेवटच्या फेरीला दादांनी सुकाणू अक्काच्या हाती दिलं. तिने ते फळा पुसायच्या फडक्यासारखं घट्ट पकडलं. पहिला खुंट नाळेच्या बरोबरीने आला, मग अक्काच्या, मग मागे गेला. वारा सबंध वेळ आमच्या तोंडावर होता. दुसरा खुंट मागे पडला तेव्हा अक्का रडत होती. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने पुसले नाहीत.

"पुस्तकवाल्याला म्हाईत होतं म्हना," दादा म्हणाले.

भरती लागली आणि पाण्याने आम्हाला घरी आणलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिला कळंबोलीला एसटीत बसवलं. खिडकीशी उभं राहून मी म्हणालो, "अक्का, एक सांगायचंय. तेव्हा मला उत्तर नको होतं. वर्ग हसवायचा म्हणून विचारलं होतं मी."

"माहितीय की मला. तोंडावर दिसत होतं तुझ्या."

"मग इतकी वर्षं कशाला डोक्यात ठेवलंस?"

कंडक्टरने घंटी दिली.

"वात्रटपणा केलास म्हणून बाहेर उभं केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "तसं नव्हतं ते. मला उत्तर येत नव्हतं रे."

मला तिला असू दे म्हणायचं होतं. तोवर गाडी सुटली होती.