साठावी जागा

चारुदत्त तामस्करच्या हातात सत्ता होती ती एवढीच: कुणाचा फोन आत घ्यायचा आणि कुणाचा बाहेर ठेवायचा. एवढ्याशा सत्तेवर माणूस किती माजू शकतो, हे मी शेजारच्या खुर्चीत बसून सहा वर्षं पाहिलं.

आम्ही दोघं रायपुरात एका खासगी मोबाइल कंपनीत. कंपनीच्या एकाच जाळ्यातून हल्ली वेगवेगळ्या राखीव वाटा काढतात, त्यांना स्लाइस म्हणतात. आमच्याकडे ॲम्ब्युलन्सची स्लाइस होती. गाडीतल्या टॅबलेटवरून रुग्णाचा ईसीजी थेट मोठ्या हॉस्पिटलात दिसायचा आणि तिथले डॉक्टर वाटेतच कोणतं इंजेक्शन द्यायचं ते सांगायचे. या वाटेवर एका वेळी साठच उपकरणं. एकसष्टावं आलं की जाळं त्याला परत पाठवतं आणि काही मिनिटं पुन्हा दार वाजवू देत नाही. गाड्या होत्या चोपन्न. उरलेल्या सहा जागा बाहेरगावच्या गाड्यांसाठी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या. कुणाचं सिम यादीत घ्यायचं, हे चारुदत्त बघायचा.

पुरानी बस्तीतलं त्याचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. भाऊ डॉक्टर, चुलतभाऊ वकील, आणि हा डिप्लोमा करून चिकटलेला. लग्नकार्यात याला वाढपात उभं करायचे आणि नावानं हाक मारायलाही विसरायचे. म्हणून मला आधी त्याची कीव यायची. नंतर येईनाशी झाली.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला त्यानं पाच मावस-चुलत बहिणींना ओवाळणी म्हणून काय घातलं असेल? पाकिटं नव्हे, साड्या नव्हे. पाचही जणींचे फोन त्यानं त्या राखीव वाटेवर चढवले. "आता कुठंही अडकणार नाही नेट. मंत्र्यालेही मिळत नाही हे," असं ताटासमोर बसून सांगितलं म्हणे. बहिणी हरखल्या. सदर बाजाराच्या गर्दीत, जिथं साधा फोन लागायची मारामार, तिथं त्यांचे व्हिडिओ सुरळीत चालायला लागले आणि नातेवाइकांत प्रथमच चारूदादा, चारूदादा सुरू झालं. सहावी जागा त्यानं मला दिली. मी नाही म्हटलं नाही. कशासाठी राखल्या होत्या त्या जागा, मला पक्कं ठाऊक होतं, तरी घेतली.

पाच बहिणींतली एक विजया. अभनपुरात राहायची आणि तिथल्याच ॲम्ब्युलन्सवर कंत्राटी नर्स होती. सासू, दोन मुली, घर सगळं तिच्या नोकरीवर. स्लाइस म्हणजे काय हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला इतकंच माहीत, की दादानं फोन फास्ट करून दिला.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी ती सोनिया साहू नावाच्या बाईला घेऊन रायपूरकडे निघाली. बाई अडतीस वर्षांची, छातीत कळ, घामानं भिजलेली. त्या दिवशी एका मेळाव्यासाठी दुर्गहून एक जादा गाडी आली होती. चोपन्न गाड्या आणि आमचे सहा फोन, साठ जागा भरलेल्या. दुर्गची गाडी बाहेर ताटकळत होती. अभनपूरच्या रस्त्यावर एका पट्ट्यात नेटवर्क मिळत नाही. तिथं विजयाच्या टॅबलेटचं कनेक्शन तुटलं आणि खिशातल्या फोनचंही. दोन जागा रिकाम्या झाल्या. एक लगेच दुर्गच्या गाडीनं घेतली. पट्टा संपला तेव्हा विजयाचा फोन आधी जागा झाला आणि त्यानं साठावी जागा घेतली. टॅबलेट अकरा सेकंद मागून आला. त्याला जाळ्यानं हाकललं.

विजया पडद्यावर बोटं आपटत राहिली. ईसीजी पाहिल्याशिवाय डॉक्टर हो म्हणणार नाहीत आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय ते इंजेक्शन नर्सनं द्यायचं नाही, असा नियम. इंजेक्शन तिच्या समोरच्या डब्यात होतं. बाई गाडीतच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चारुदत्तनं नोंदी उघडल्या, पाहिल्या आणि पांढराफटक पडला. वाटलं, आता हा कबूल करेल. त्यानं चार बहिणींची नावं यादीतून काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "निवेदिता, तुझंही काढून टाकू ना?" मी म्हटलं, काढ. विजयाचं काढून उपयोग नव्हता. त्या टॉवरची नोंद चौकशीवाल्यांनी आधीच उचलली होती. यादीत सिम कुणी घातलं ते मात्र त्यातून कळणार नव्हतं, कारण आमच्या टेबलावर सगळे एकाच लॉगिननं काम करायचो. आळशीपणा, दुसरं काय.

सुनावणीच्या आधी त्यानं विजयाला आमच्या कँटीनमध्ये बोलावलं. मी त्याच टेबलावर होते.

"माझं नाव घेशील तं दोघांचीही जाईल," तो म्हणाला. "तू गप राह्यली तं तुले दुसरीकडे लावून देईन मी. समजून राहिली ना?"

"हव दादा," विजया म्हणाली. "तुम्ही काहून फसता माझ्यापायी? तुम्ही तं चांगल्यासाठीच केलं होतं."

ती खरंच असं म्हणाली. चहाचा कपसुद्धा तिनंच उचलून ठेवला.

सुनावणीत चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "मैडम, आपका पर्सनल नंबर इस लिस्ट में कैसे आया?"

"मालूम नहीं सर," विजया म्हणाली.

मग कंपनीतर्फे जाणकार म्हणून चारुदत्तला बोलावलं. त्यानं मान खाली घालून दोन वाक्यं बोलायची होती, बस. पण समोर मोठे अधिकारी, सगळे त्याचं ऐकताहेत. गड्याला चेव चढला. पंधरा मिनिटं समजावलं त्यानं. कर्मचारी जुगाड करून राखीव वाटेत घुसतात, असल्यांमुळे जीव जातात, कडक कारवाई झाली पाहिजे. विजया त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दादा किती छान हिंदी बोलतो, असंच काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं, आणि ते पाहून मला माझी किळस आली. तरी मी तोंड उघडलं नाही.

तिला काढून टाकलं, आणि पुन्हा कुठल्या ॲम्ब्युलन्सवर घेऊ नये, असा शेराही मारला. चारुदत्तला नवे प्रवेश-नियम बनवायचं काम मिळालं.

निकालाच्या दिवशी जिन्यात आम्ही तिघंच होतो. नोकरी कुठं लावून देता, असं ती विचारेल म्हणून तो आधीच घड्याळ बघायला लागला होता. तिनं ते विचारलंच नाही.

"दादा, एक सांगा. माह्या खिशातला फोन बंद असता, तं ते बाई वाचली असती का?"

हे कुणीच सांगू शकत नव्हतं. डॉक्टरांनीसुद्धा लिहून दिलं होतं, की सांगता येत नाही. तो अहवाल चारुदत्तच्या हातातल्या फाइलमध्ये होता.

"हव," तो म्हणाला. "वाचली असती. जाय आता, बस सुटून जाईन तुई."

विजयानं पर्समधून फोन काढला, बंद केला आणि जिना उतरून गेली.