मामाचा तिसरा अंतरा

मामाला गायला कारण लागत नसे. तो दाढी करताना गायचा, पाण्याची मोटर सुरू करून टाकी भरेपर्यंत गायचा, आणि स्कूटर सिग्नलला थांबली की मागचा हॉर्न मारेपर्यंत गायचा. "या माणसाले गप बसवाचं असन तं जेवू घाला," असं मामी म्हणायची. पण तेही वरणभातापर्यंतच. ताकाची वाटी पुढे आली की पुन्हा सूर लागायचा. मी त्याची भाची. शहरात सक्करदऱ्याला त्यांच्या घरी राहून मी कॉलेज केलं, त्यामुळे हे गाणं मी काही वर्षं उठता-बसता ऐकलं आहे. म्हणूनच पुढे त्या गाण्याचं जे झालं त्याने अजूनही माझं डोकं तापतं.

मामा शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात बुकिंग क्लार्क होता. बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिताना तोंडाने गाणं चालूच. बाहेर ट्रकची इंजिनं धडधडत असायची, हमालांचा आरडाओरडा असायचा, तरी मामाचा आवाज थेट रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचायचा. ड्रायव्हर फर्माईश करायचे आणि माल चढेपर्यंत ऐकत उभे राहायचे. कुणी तरी एकदा म्हणालं, "साहेब, तुमाले माईक पायजे होता." मामा म्हणाला, "माईक कायले पायजे गा? मंग छाती कायले हाय?"

चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या बुद्धविहारासमोर मंडप लागायचा. पेटी, ढोलकी आणि मामा. गाणं रंगलं की लोक उठून पेटीवर नोट ठेवायचे, म्हाताऱ्या बाया पदराची गाठ सोडून ठेवायच्या. मामा प्रत्येकाला हात जोडायचा आणि कार्यक्रम संपला की सगळ्या नोटा विहाराच्या दानपेटीत टाकून मोकळा व्हायचा. "गाण्याचा पैसा घरी नेला का आवाज बसते," अशी त्याची पक्की समजूत होती. मला ती तेव्हा वेडगळ वाटायची. आता वाटत नाही.

मामा रिटायर झाला आणि शेजारच्या एका गृहस्थाने त्याला कराओकेच्या ग्रुपमध्ये नेलं. हा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. हॉल भाड्याने घेतलेला, मागे सगळ्या गायकांचे फोटो छापलेला भलामोठा फ्लेक्स, लॅपटॉपवर गाण्याचं नुसतं संगीत, म्हणजे ट्रॅक, वाजतं आणि रिटायर झालेली माणसं स्क्रीनवरचे शब्द वाचून गातात. गाण्यात काही वाईट नाही. पण इथे स्टेजवर चढायचे पैसे पडतात. एका गाण्याचे इतके, दोन गाण्यांचे तितके, युगुलगीत हवं तर सोबत गाणारी बाई ग्रुपच पुरवणार आणि तिचे वेगळे. हे सगळं चालवणाऱ्या माणसाला सगळे 'सर' म्हणत. सर कशाचे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या मामाला लोक उठून नोटा देत होते, तो आता गायचे पैसे भरून नंबर लावू लागला.

बरं, गाण्याच्या पैशावर हे थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पुढच्या कार्यक्रमाला 'जुना जमाना' अशी थीम निघाली, म्हणून चकाकता कोट शिवावा लागला. त्याच्या पुढच्याला पांढरे बूट. फुकट मिळणारा ट्रॅक हलका असतो म्हणून विकतचा ट्रॅक. कार्यक्रमाचं शूटिंग हवं तर त्याचे पैसे, आणि स्टेजवर जो सत्कार होतो ना, ते काचेचं स्मृतिचिन्हसुद्धा ज्याचं त्यानेच विकत घेतलेलं. आपल्याच पैशाची काच आपल्याच हातात देऊन फोटो काढायचा! मामाच्या टीव्हीवर अशा काचांची रांग लागली होती.

त्या वर्षी मे महिन्यात घरचा कूलर नुसता खडखडत होता आणि गरम हवा फेकत होता. मामी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पोळ्या लाटत होती. कूलरची मोटर बदलायला म्हणून मामा बाजारात गेला आणि बिनवायरचा माईक घेऊन आला. मी त्याच्यावर तुटून पडले.

"मामा, काहून घेतला हा? घरात माणसं भाजून राहिली."

"शौक हाय वं पोरी," मामा ओशाळून म्हणाला. "सर म्हणत होते, सोताचा माईक असला का आवाज खुलते."

"तुमचा आवाज कधी बंद होता?"

मामा माईक पुसत बसला. मामीच मला म्हणाली, "राहू दे वं. आयुष्यभर बिल्ट्याच लिवल्या त्यायनं. आता फोटो छापून येते तं येऊ दे." मामीचा हा मोठेपणा मला त्या दिवशी अजिबात आवडला नाही.

खरा संताप मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. मामाने घरात गाणं सोडलं. दाढी करताना गप्प, टाकी भरताना गप्प. विचारलं तर म्हणायचा, "असं बिना ट्रॅकचं गायलं का पट्टी हालते म्हणे." म्हणजे इतकी वर्षं जे आपोआप येत होतं, ते आता वीज आणि लॅपटॉप असल्याशिवाय येईना. फुकटची वस्तू या लोकांनी त्याच्या गळ्यातून काढून घेतली आणि त्यालाच विकत दिली. ऐकायला तरी कुणी असावं! खुर्च्यांवर बसलेले सगळे आपापल्या नंबरची वाट पाहणारे गायकच. ते मोबाइलमध्ये डोकं घालून आपले शब्द घोकत असतात आणि स्वतःचं गाणं झालं की आलूबोंडा खाऊन घरी जातात.

मामीला एक जुनं हिंदी गाणं फार आवडायचं. त्याला तीन अंतरे आहेत. रेडिओवर दोनच वाजतात, आणि मामीचा जीव नेमका तिसऱ्यावर. लग्नानंतर मामाने तिला ते पहिल्यांदा पूर्ण म्हणून दाखवलं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला हॉलमध्ये, माणसांसमोर, ते तिसऱ्या अंतऱ्यासकट गायचं असं त्याने ठरवलं. पूर्ण ट्रॅक मुद्दाम बनवून घेतला, त्याचे अर्थातच वेगळे पैसे. गुडघ्यांमुळे मामी कधी कार्यक्रमाला जात नसे. त्या दिवशी तिला मी आणि मामाने दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवला आणि पहिल्या रांगेत बसवलं.

मामाचा नंबर मधला होता. पण ऐनवेळी ग्रुपला देणगी देणारे एक बिल्डर सपत्नीक आले, त्यांची गाणी आधी घेतली. मग त्यांच्या मेहुण्याचं घेतलं. मामा चकाकत्या कोटात घामाने निथळत कडेला उभा. अखेर नाव पुकारलं तेव्हा हॉल रिकामा झाला होता, आणि दारातला हॉलचा माणूस वेळ संपली म्हणून खुणा करत होता. मामा गायला लागला. काय लागला होता आवाज! मामीने डोळे मिटले. दुसरा अंतरा संपला, तिसऱ्याच्या आधीचं संगीत सुरू झालं, आणि सरांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. "काका, टाइम झाला. टाळ्या, टाळ्या!"

मी वाट पाहिली. मला वाटलं, मामा आता माईक फेकेल आणि छातीतून असा सूर लावेल की दारातला माणूससुद्धा थांबेल. ट्रकच्या इंजिनावर मात करणारा माणूस तो! पण संगीत थांबलं आणि मामाही थांबला. स्क्रीनवरचे शब्द गेले होते, तो त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिला. मग "थँक्यू" म्हणून खाली उतरला. मला सरांचा जेवढा राग आला तेवढाच त्या क्षणी मामाचा आला, आणि दोन्ही राग अजून तसेच आहेत.

"राह्यला वं तुवा अंतरा," एवढंच तो मामीला म्हणाला. दिवाळीनंतर हृदयविकाराचा झटका आला आणि मामा गेला.

विहारात मामाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर ग्रुपचा मेसेज आला. वर मामाचा हसरा फोटो, खाली 'स्वरांजली', आणि त्याच्या खाली, इच्छुक गायकांनी नोंदणी करावी, एका गाण्याला नेहमीपेक्षा सवलत. मेलेल्या माणसाच्या नावावरही नंबर विकायला काढले होते! मी मामीला मेसेज वाचून दाखवला आणि सरांना फोन लावायला घेतला. मामीने माझा हात धरला.

"भांडू नको. पैसे भर."

"कोणाचे?"

"माये. मी गातो."

मामी जन्मात कधी गायली नव्हती. मी दात-ओठ खात पैसे भरले. कार्यक्रमाच्या दिवशी तिला धरून स्टेजवर चढवलं. सरांनी विचारलं, "आंटी, कोणता ट्रॅक लावू?" मामी म्हणाली, "नको लावू." माईकही तिने घेतला नाही. मग ती थेट तिसऱ्या अंतऱ्यापासून सुरू झाली. सूर कुठल्या कुठे, दम मध्येच सुटत होता, ती थांबून श्वास घ्यायची आणि पुढचा शब्द उचलायची. खुर्च्यांतली माणसं एकेक करून मोबाइल खाली ठेवू लागली. बराच वेळ झाला तसा सरांचा हात सवयीने लॅपटॉपकडे गेला, पण तिथे बंद करण्यासारखं काही चालूच नव्हतं.

शेवटचा शब्द म्हणून मामीने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे हात केला.

"चाल वं. झालं त्यायचं गाणं."