आमच्या केंद्रावरची दोन मतं

दाजी गेले त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी ताईने बोलावलं, मी दोन गल्ल्या ओलांडून गेलो आणि दुपारी अंत्यविधी उरकून आम्ही अमरधामहून परत आलो.

गुप्त मतदान ही गोष्ट दाजींइतकी मनावर घेतलेला दुसरा माणूस या देशात झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाटबंधारे खात्यात कारकून. महापालिका असो की लोकसभा, त्यांनी एकही मतदान चुकवलं नाही आणि मत कोणाला दिलं हे एकदाही कळू दिलं नाही. एखाद्या पक्षाच्या टेबलावरून चिठ्ठी घेतली तर लोकांना अंदाज येईल, म्हणून यादीतला आपला क्रमांक ते घरूनच लिहून नेत. केंद्राकडे जाताना रस्त्याच्या बरोबर मधून चालत. एकदा मागून टेम्पो आला, हॉर्न वाजवत राहिला, पण दाजी हलले नाहीत, कारण डावीकडे एका पक्षाचं टेबल होतं आणि उजवीकडे दुसऱ्याचं. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला ते त्याच खुर्चीवर बसवत, तेवढंच पाणी देत आणि "मतदान जरूर करू" एवढंच म्हणत. निकालाच्या दिवशी चेहऱ्यावर काही उमटू नये म्हणून टीव्हीसमोर बसून दाढी करायला घेत. एकदा मोजणी दोन दिवस चालली, तेव्हा त्यांचे गाल बघवत नव्हते. मतदान करून परतताना ताई एकदा "अहो, मी ना..." म्हणाली, तर ते भर रस्त्यात कानांवर हात ठेवून उभे राहिले.

"अहो, नवऱ्याला सांगितलं तर काय होतं?"

"मग तो पुठ्ठ्याचा आडोसा कशाला उभा करतात? माझ्यापासूनच ना?"

याला कारण होतं. मतपत्रिकेवर शिक्के मारायच्या दिवसांत त्यांना पेठ तालुक्यातल्या एका गावात इलेक्शन ड्यूटी लागली होती. केंद्र शाळेत होतं. द्राक्षबागांवर मजूर नेणारा मुकादम खिडकीबाहेर उभा राहून आत बघत होता, आणि एक बाई हातात शिक्का घेऊन नुसतीच थांबली होती. दाजींनी त्याला हटकलं, तर तो म्हणाला, "मी काय आत आलोय का साहेब?" पोलीस जेवायला गेला होता. दाजींनी शाळेची सतरंजी उचलली आणि खिडकीला खिळा नसल्यामुळे स्वतःच दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. बाईने विचारलं, "आता दिसत नाय ना त्याला?"

"त्याला नाही आणि मलापण नाही. मारा शिक्का."

ही हकीकत ते दर निवडणुकीला सांगत. त्या दिवसापासून दोन्ही खांदे धरलेत, हेही सांगत.

पुढे मी महापालिकेला अपक्ष उभा राहिलो. मी ग्रंथपाल, वॉर्डात एक अभ्यासिका व्हावी एवढंच म्हणणं होतं. प्रचार म्हणून घरोघरी चार पानी पत्र वाटलं. आमच्या केंद्रावर मला दोन मतं पडली. त्यातलं एक माझं. निकालाच्या संध्याकाळी ताईकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "देवाशपथ, माझं तुलाच रे." म्हणजे बेरीज पूर्ण झाली. मी दाजींकडे वळलो.

"दाजी, तुम्ही?"

"मत गुप्त असतं, साहेब." मेहुण्याला ते साहेबच म्हणत.

"हो की नाही, एवढंच सांगा."

"आज 'हो' सांगितलं, तर पुढच्या वेळी 'नाही' सांगावं लागेल." आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. दिवाळीला जायचो, फराळ करायचो, ताईशी बोलायचो. त्यांनी "लायब्ररी कशी आहे?" विचारलं की "आहे" म्हणायचो. ते पुन्हा विचारायचे. हे शेवटपर्यंत चाललं.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर ताई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुला मी मत नव्हतं दिलं रे. त्या दुसऱ्याने आपल्या गल्लीत पाण्याची लाइन आणली होती. तू नुसतं पत्र दिलंस, तेही एवढं मोठं."

मी तिच्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागलो.

"तू दोन म्हणालास, तेव्हाच मला कळलं दुसरं कोणाचं ते. त्यांनाही कळलं असणार, मी खोटं बोलतेय म्हणून."

"तुला काही म्हणाले?"

"कधीच नाही."

दाजींनी त्या संध्याकाळी नुसतं "हो" म्हटलं असतं, तर बेरीज तीन झाली असती आणि मी ताईकडे वळलो असतो. आता, दुसरं मत एखाद्या शेजाऱ्याचंही असू शकतं. दाजी असते तर त्यांनी हीच शंका काढली असती. मी ती मानत नाही.

ताईकडे माझं जाणं-येणं पूर्वीसारखंच आहे. यापुढे ती कोणाला मत देते हे मी विचारणार नाही. अभ्यासिका झालेली नाही. दाजींची माफी मागायची राहून गेली आहे.