हळदीखालचा डाग

माझ्या उजव्या खांद्यामागे जन्मापासून एक काळा डाग आहे. आमच्या गावात, निमोण्यात, तो मी मोठ्या थाटात मिरवला. विहिरीवर पोहायला उतरलो की काठावर उभा राहून सांगायचो, "ग्रहणात आईनं वांगं चिरलं, त्याचीच ही फोड." लोक हात लावून बघायचे. मला मात्र तो कधी दिसला नाही. जत्रेच्या नाटकात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला स्वतःची पाठ बघायची गरजही वाटत नाही.

यंदा शेवंतीवर फवारणी करताना पंपाचा पट्टा नेमका त्यावर बसायचा. एका संध्याकाळी बायकोनं बनियन माझ्यापुढे धरला.

"अवो, हे रगत कशाचं?"

"पट्टा घासला आसंल."

"कडंनं वाढलाय बी. खालनं येगळाच रंग दिसतोय."

"पंचवीस वर्षांनी नवऱ्याकडं नीट बघितलंस म्हण की," असं म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

शेजारच्या आबांनी उपाय सांगितला, बिब्ब्याचा चटका. बिब्बा सुईवर टोचून, दिव्यावर धरून त्याचं तेल मी हौसेनं लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. खांदाभर फोड, पाणी, काळी पडलेली कातडी. मग बायकोनं मला गाडीवर मागे बसवून शिरूरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "पट्टा घासून रक्त येऊ शकतं. पण रंग आणि कड बदलली असेल तर कारण शोधायलाच हवं. बिब्ब्यानं कडच पुसलीय. आधी केवढा होता?"

"एवढाच. जन्मापासून."

"मला न्हाई तसं वाटत," बायको म्हणाली.

"तुकडा काढून तपासायला पाठवू. तोवर घासू नका, जाळू नका, उन्हात झाकून ठेवा."

"आन् त्यात कर्करोग निघाला तर?"

"लवकर कळला तर बरा करता येतो. म्हणूनच थांबू नका म्हणते."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या कानात राहिला, आणि तो मीच उच्चारला होता. "शेवंतीचा तोडा उरकला की येतो," असं सांगून मी उठलो. बाई मागून म्हणाल्या, "जुना फोटो असेल तर तोही आणा."

तीन आठवडे मी त्या फोटोवर जगलो. डाग पहिल्यापासूनच एवढा होता हे फोटोत दिसलं की सुटलो. उघड्या पाठीचा फोटो आयुष्यात एकदाच निघाला होता, लग्नात हळद लागताना. तो अल्बम दौंडला माझ्या थोरल्या बहिणीकडे होता. एस.टी.त मी कंडक्टरशी इतक्या गप्पा मारल्या, की तिकिटाचे उरलेले पैसे घ्यायचे राहिले.

"या नवरदेव," बहीण दारातच म्हणाली. "आज कुणाच्या मांडवात?"

फोटो सापडला. मी पाटावर पाठमोरा, पिवळाधमक. शेजारी तीच उभी, तिचा हात माझ्या खांद्यावर. डाग कुठेच नव्हता.

"आक्के, डाग कुठंय?"

"मी झाकला व्हता. तुझ्या सासरची मानसं मागंच बसलेली. कुणी नाक मुरडायला नको म्हनून हळदीचा अंगठा दाबून धरला, फोटू हुस्तवर."

"अंगठ्याखाली सगळा मावला?"

"व्हय की. वर जागा उरली."

मी सदरा काढून तिच्याकडे पाठ केली. बिब्ब्यानं जळालेली कातडी एव्हाना गळून खाली गुलाबी झाली होती, आणि डागाची कड पुन्हा दिसतेय असं बायको म्हणाली होती. "आता ठेव."

तिनं अंगठा ठेवला. थोडा सरकवला. पुन्हा ठेवला. 

"पुरतो का?"

"माझाच अंगठा वाळला आसंल," ती म्हणाली. "म्हातारी झाले न्हवं का."

असली थाप मी मारायची, तिनं नव्हे. ती मला हसवायला बघत होती, आणि हसू मात्र येत नव्हतं. मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. नोंदवहीत माझं नाव बघून तिथल्या मुलीनं विचारलं, "कधी येताय, काका?"

"उद्या सकाळी," मी म्हणालो.

"तोडा आहे म्हणाला होतात ना?"

"तोडा घरचे बघतील."

फोन ठेवला तरी बहिणीनं खांद्यावरचा अंगठा काढला नव्हता.